स्कोप विचारू नकोस, हिशोब दाखव

“सर, डिजिटल मार्केटिंगला स्कोप आहे ना?”

तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सत्रात हा प्रश्न? प्रवेश घेताना विचारला असतास तर शेजारी बसवून समजावलं असतं. आता तीन वर्षं बाकावर बसून झाली. बापाने फी भरली, खोलीचं भाडं भरलं, मेसचे पैसे पाठवले. आणि तू मला स्कोप विचारतोस? स्कोप आहे रे. हवा तेवढा आहे. तुझं काय ते बोल. या विषयाच्या जोरावर तीन वर्षांत तू कुणाची एक तरी वस्तू विकून दिलीस का? स्वतः लिहिलेली, पैसे घालून चालवलेली एक जाहिरात दाखव. अशी दाखव, जी बघून एका अनोळखी माणसाने खिशात हात घातला. मी एकच मागतोय.

खाली बघू नकोस. वर बघ.

तू मठ्ठ असतास तर मी आवाज चढवला नसता. मठ्ठ पोराला मी चार वेळा समजावतो, पाचव्यांदाही समजावतो. तुझ्यावर चिडतो, कारण तुला सगळं कळतं. शोधणाऱ्याच्या मनात काय असतं यावर मी अर्धं वाक्य बोलतो आणि उरलेलं तू पूर्ण करतोस. गॅदरिंगला पोरांनी खाण्याचे स्टॉल लावले, तेव्हा तुझा माल सगळ्यांच्या आधी संपला. समोरच्याचा चेहरा बघून तू बोलणं बदलत होतास. कोण भावाला बघतंय आणि कोण चवीला, हे तुला न सांगता कळत होतं. तो पोरगा वर्गात आला की कुठे जातो? हातात मोबाईल आला की त्याची अक्कल कुठे गहाण पडते?

“सर, मी रोज अभ्यास करतो.” काय करतोस? व्हिडिओ बघतोस. घरबसल्या लाखभर रुपये कसे कमवायचे हे एक माणूस सांगतो, ते तू रात्री अंथरुणात पडून दीडपट वेगाने ऐकतोस आणि सकाळी मला सांगतोस, अभ्यास केला. वहीत काय लिहिलंस? काही नाही. त्यातलं काय करून पाहिलंस? काही नाही. तो माणूस तुला कोर्स विकतोय. त्याच्या धंद्यातलं गिऱ्हाईक तू आहेस, एवढंही मार्केटिंगच्या विद्यार्थ्याला दिसू नये?

मग सर्टिफिकेट दाखवतोस. गुगलचं स्किलशॉप फुकट आहे, परीक्षा घरी बसून देता येते, सर्टिफिकेट वर्षभर चालतं आणि मग पुन्हा परीक्षा द्यावी लागते. चांगली सोय आहे. तू त्या सोयीचं काय केलंस? एका खिडकीत प्रश्न उघडले, दुसऱ्या खिडकीत उत्तरं शोधली आणि पास झालास. लिंक्डइनवर टाकलंस, मित्रांनी अभिनंदन केलं, तुलाही वाटलं आपण काहीतरी मिळवलं. उद्या मुलाखतीत समोरची बाई किंवा माणूस विचारेल, “आमच्याकडे महिन्याला २०,००० रुपये आहेत. कुठे घालशील आणि का?” तेव्हा दुसरी खिडकी कुठून उघडणार आहेस?

आणि पोरींनो, तुम्ही मागच्या बाकावर हसू नका. तुमच्या फायली नीटनेटक्या आहेत, आत मजकूर तोच आहे.

अभ्यासक्रम जुना आहे, ही तुझी लाडकी सबब. आहेच जुना. अभ्यास मंडळ बसतं, विद्या परिषदेत मंजुरी होते, पुस्तक निघतं, आणि तेवढ्या काळात गुगल आपलं पान तीनदा बदलतं. हे सगळ्या विद्यापीठांत होतं आणि होतच राहणार. पण त्यातून तुझा आळस कसा माफ होतो? १ जुलै २०२३ पासून गुगलने वेबसाइटवर येणारी माणसं मोजायचं जुनं युनिव्हर्सल अॅनालिटिक्स बंद केलं, सगळ्यांना नव्या जीए-फोरवर जावं लागलं. कुठलं बटण कुठे आहे हे ज्यांनी पाठ केलं होतं, ते हताश झाले. आपल्याला काय मोजायचंय हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी नवी बटणं शोधली आणि कामाला लागले. बटणं बदलतात. माणूस दुकानात का येतो, का परत जातो, कशावर विश्वास ठेवतो, हे मी तुला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. ते जुनं झालेलं नाही. ते तू शिकलाच नाहीस, आणि सिलॅबसवर खापर फोडलंस.

एक साधी गोष्ट विचारतो. दातांच्या एका दवाखान्याची जाहिरात गुगलवर करायची आहे. ‘डेंटिस्ट नाशिक’ एवढे शब्द टाकून तू मोकळा होशील, मला माहीत आहे. पण ‘डेंटिस्टचा कोर्स किती वर्षांचा असतो’ असं शोधणारा बारावीचा पोरगा त्या जाहिरातीवर येऊ शकतो. दवाखान्यात रिसेप्शनची नोकरी शोधणारी मुलगी येऊ शकते. त्यांच्या क्लिकचे पैसे डॉक्टर का भरतील? ‘नोकरी’, ‘कोर्स’, ‘प्रवेश’ हे शब्द निगेटिव्ह यादीत, म्हणजे ज्या शोधांना जाहिरात दाखवायची नाही त्यांच्या यादीत, टाकायला किती वेळ लागतो? दहा मिनिटं. गेल्या सत्रात दिलेल्या प्रकल्पात एकाच्याही फाइलमध्ये ती यादी नव्हती. आणि गुगलच्या जाहिरातींच्या लिलावात जास्त बोली लावली की जाहिरात वर येते, असं तू उत्तरपत्रिकेत लिहिलंस. जाहिरात शोधाशी किती जुळते, लोक तिच्यावर क्लिक करतील का, क्लिक केल्यावर उघडणारं पान कामाचं आहे का, हेही गुगल धरतं. म्हणजे नीट विचार करणाऱ्याला कमी पैशांत जागा मिळते. गरिबाच्या पोराला यापेक्षा चांगली बातमी कोण देणार? ती बातमी मी वर्गात फळ्यावर लिहिली होती. तू फळ्याचा फोटो काढलास. तो फोटो पुन्हा उघडलास का?

“सर, क्लायंट कुठे आहे? बजेट कुठे आहे?”

आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तू तिथे जाऊन फोटो काढून आलास. त्या माणसाने काय केलं ते माहीत आहे का? दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. तू ज्या त्र्यंबक रोडवर गाडी पळवतोस त्याच रस्त्याच्या टोकाला. सिनेमा काढायचा होता, पैसे नव्हते, आणि इथे सिनेमा काढता येतो यावर भांडवलवाल्यांचा विश्वास नव्हता. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. त्याच्यासमोर कॅमेरा लावला आणि दिवसांमागून दिवस थोडंथोडं चित्रण केलं. बी फुटतं, कोंब वर येतो, वेल चढतो, हे सगळं पडद्यावर क्षणभरात घडताना दिसलं. १९१२ ची गोष्ट आहे. ती चिमुकली फिल्म बघून पैसे देणारा माणूस पुढे आला. कुंडी, वाटाणा आणि धीर. तुझ्या खिशातल्या मोबाईलचा कॅमेरा त्यांच्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी सरस आहे. तू त्यावर काय काढलंस? स्वतःचा चेहरा.

पुढचं ऐक. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. सुरतेत पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये. तिथले प्रेक्षक तासन्‌तास चालणारी नाटकं बघणारे. थोडक्यात आटपणाऱ्या खेळाला तीन आणे कोण देणार? तू असतास तर काय केलं असतंस? सवलत दिली असतीस, किंवा सुरतेच्या लोकांना कला कळत नाही म्हणाला असतास. फाळक्यांनी जाहिरात बदलली. ५७ हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि किंमत फक्त तीन आणे. लोक आले. त्यांनी सिनेमा बदलला नाही, तिकीटही बदललं नाही. ‘माझ्या पैशांत मला किती मिळणार’ या मापाने मोजणारं गिऱ्हाईक आहे हे ओळखलं आणि त्याच मापात त्याला उत्तर दिलं. एकशे दहाहून जास्त वर्षं झाली. तेव्हा कुठलं इन्स्टाग्राम होतं? कुठला अल्गोरिदम होता? तुझ्याच मातीतल्या माणसाने हे करून ठेवलंय आणि तू मला परदेशातल्या बुटाच्या कंपनीचं उदाहरण प्रेझेंटेशनला लावतोस. तेही इंटरनेटवरून उचलून.

नाशिकमध्ये काही नाही, पुण्याला गेल्याशिवाय काही होत नाही, हेही तुझंच वाक्य. डोळे उघड. १९९९ साली राजीव सामंतांनी गंगापूरच्या बाजूला सुला ही वाइनरी उभी केली. टीव्हीवर दारूच्या जाहिरातीला बंदी. मग काय केलं? २००५ साली बागेतच वाइन चाखायची खोली उघडली, २००८ पासून सुलाफेस्ट हा उत्सव भरवला. माल लोकांच्या घरी ओरडत नेता येत नाही, तर लोकांनाच बागेत आणलं. त्यांनी फोटो काढले, मित्रांना सांगितलं. वाइन प्यावी की नाही हा वेगळा विषय आहे, तो मी इथे काढत नाही. अडचण आली की तिच्यातून वाट कशी काढायची, ते बघ. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला विलास शिंद्यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी सह्याद्री फार्म्स ही कंपनी उभी केली. २०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद पडले, तेव्हा त्यांनी भाजी-फळांच्या टोपल्या थेट शहरातल्या घरांपर्यंत पोहोचवल्या. मोहाडी तुझ्या कॉलेजपासून किती लांब आहे? कधी गेलास? भांडी बाजारात तांब्यापितळेचा माल आहे, येवल्यात पैठणी आहे, गोदाकाठी यात्रेकरू बारा महिने आहेत. २०२७ चा सिंहस्थ दारात आला आहे. पंचवटीतल्या किती लॉजचा फोन नंबर गुगलवर बरोबर आहे, कधी लावून पाहिलास? काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण तू परीक्षेत वापरलीस. तुझ्यावरच लागू पडते, ते तुला दिसलं नाही.

आता येवल्याकडे वळतो, कारण तुझा प्रकल्प पैठणीवर होता. वीस पानी. रंगीत. मुखपृष्ठावर मोर. आत लिहिलंस, रीच एक लाख, एंगेजमेंट उत्तम, ब्रँड अवेअरनेस वाढला. मी पानं उलटत राहिलो. साडी किती विकली गेली, हे वीस पानांत एकदाही लिहिलेलं नाही. विणकराच्या घरी गेला होतास का? गेला नव्हतास. फोटो कुठले? नेटवरचे.

चल, तुझ्यासमोर हिशोब मांडतो. आकडे मी धरतोय, पद्धत तू शिक. समज, जाहिरातीवर १०,००० रुपये घातलेस. क्लिकला १० रुपये पडले. १,००० जण पानावर आले. त्यातल्या २० जणींनी व्हॉट्सॲपवर विचारलं. दोघींनी घेतली. एक गिऱ्हाईक मिळवायला ५,००० रुपये लागले. रेशीम, जर आणि मजुरी वजा करून विणकराला एका साडीमागे ३,००० सुटत असतील, तर दोन साड्यांचे ६,००० आले आणि १०,००० गेले. ४,००० रुपयांचा खड्डा. महिनाभर मागावर वाकून बसलेल्या माणसाच्या खिशातून तू ४,००० रुपये काढलेस आणि वर त्याला सांगतोस की तुमचा ब्रँड अवेअरनेस वाढला. तोंड वर करून सांगू शकशील? त्याच्या बायकोसमोर?

इथेच विषय सुरू होतो, आणि इथेच तू फाइल बंद केलीस. गळती कुठे आहे ते शोध. १,००० जण आले आणि फक्त २० जणींनी विचारलं. का? पैठणी घेणाऱ्या बाईच्या मनात पहिली शंका काय असते? ही हातमागाची आहे की यंत्रमागाची. त्या शंकेचं उत्तर तुझ्या पानावर होतं? हातमागावरच्या पैठणीच्या पदराची नक्षी उलट बाजूनेही जवळजवळ तशीच दिसते, मागे धागे लोंबत नाहीत. मग पदर उलटा करून एक फोटो काढ. मागावर बसलेल्या माणसाचे हात चालताना दाखव. किती दिवस लागले ते लिही. भौगोलिक मानांकन आहे, ते तिला कळेल असं सांग. तू काय लिहिलं होतंस? ‘एलिगन्स रीडिफाइन्ड’. येवल्याच्या पैठणीखाली! लग्नासाठी साडी शोधणाऱ्या सटाण्याच्या आईला यातून काय कळणार होतं?

पुढची गळती. २० जणींनी विचारलं आणि दोघींनी घेतली. बाकीच्या १८ जणींना पहिलं उत्तर किती वेळाने गेलं? भाव विचारल्यावर भाव सांगितला, की ‘डीएम करा’ म्हणून फिरवलं? साडी हातात घेऊन व्हिडिओ कॉलवर दाखवायची तयारी होती का? तेवढ्याच २० जणींतून दोनऐवजी चौघींनी घेतली असती, तर १२,००० आले असते. जाहिरातीचे तेच १०,००० आणि विणकराच्या हातात २,००० जास्त. जाहिरातीवर एक रुपयाही वाढवायचा नव्हता. फक्त वेळेवर आणि खरं उत्तर द्यायचं होतं. हे गणित पाचवीतलं पोरगं करेल. तू बीबीए शिकतोस आणि मला लाइक मोजून दाखवतोस.

“सर, आता हे सगळं एआय करतं.” आलं वाटतं शेवटचं अस्त्र. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, आणि त्या दिवसापासून तू लिहिणं सोडलंस. बोली किती लावायची, जाहिरात कुणाला दाखवायची, हेही आता प्लॅटफॉर्म स्वतः ठरवतं. मान्य. म्हणूनच तुझी काळजी वाटते. जे काम यंत्र करतं त्याचे पैसे तुला कोण देणार? तू चॅटजीपीटीला विचारून मजकूर आणलास, तर दुकानदार तुला कशाला ठेवेल? त्याच्याही खिशात मोबाईल आहे. यंत्राला जे ठाऊक नाही ते तुला ठाऊक हवं. सिन्नरच्या मेडिकलच्या दुकानात उभी राहिलेली बाई काय म्हणते? “मांडी घालून बसता येत नाही हो, उठताना आधार लागतो.” आणि तू गुडघ्याच्या डॉक्टरसाठी काय लिहून आणलंस? ‘वेदनामुक्त जीवनाचा आनंद अनुभवा’. कोण बोलतं असं? तुझी आई बोलते? ती बाई फोनवर शोधायला लागली तर स्वतःचेच शब्द बोलणार, तुझे नाही. ते शब्द ऐकायला दुकानाच्या फळीपाशी तासभर उभं राहावं लागतं. तेवढं तुझ्याकडून होत नाही. तुझ्याकडे दिंडोरी-निफाडची जिवंत बोली आहे. कट्ट्यावर तू बोलायला लागलास की माणसं थांबून ऐकतात. लिहायला बसलास की कुणाचं तरी उष्टं उचलतोस.

वेळ मिळत नाही म्हणू नकोस. गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ साली स्थापन झालेलं. दिवसभर नोकरी करून, लेकरं झोपवून, मग पुस्तक उघडणारी माणसं तिथून पदवी घेतात. तुझा अख्खा दिवस मोकळा आहे. संध्याकाळी कॉलेज रोडवर तू रोज दिसतोस.

आता ज्याबद्दल मला खरा राग आहे ते बोलतो. नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंग आलं. कशासाठी आलं? तुला बाजाराचा वारा लागावा म्हणून. तू काय केलंस? काकांच्या ऑफिसातून शिक्का मारून पत्र आणलंस आणि मागच्या वर्षीच्या पोराचा अहवाल नाव बदलून लावलास. सहाव्या पानावर त्याचंच नाव राहिलं होतं. मी लाल पेनाने गोल केला, तुला दिसला असेलच. हे शिक्षण घेणं झालं? ही फसवणूक झाली, आणि फसलास तू. कॉलेजचं काही गेलं नाही, काकांचं काही गेलं नाही. गेले ते आठवडे तुझे होते.

तीच सवय पुढे कुठे नेते ते सांगतो. मावशीच्या मुलाच्या हॉटेलला तू होस्टेलमधल्या पोरांकडून पाच-पाच स्टार टाकवलेस. जेवायला एकही गेला नव्हता. मला अभिमानाने सांगायला आलास! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. पैसे घेऊन कौतुक करणाऱ्याने तसं स्पष्ट सांगितलं पाहिजे, असा नियम आहे. अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या मी वाचायला दिल्या होत्या. तू पहिलं पान तरी उघडलंस? कायदा राहू दे बाजूला. खोटे स्टार बघून एक कुटुंब मुंबईहून त्या हॉटेलात येईल, निराश होऊन जाईल, आणि खरा एक स्टार देऊन जाईल. भावाचं भलं केलंस की वाटोळं?

तुझ्या वडिलांची निफाडला द्राक्षबाग आहे. मी त्यांना भेटलोय. पालकसभेला ते मागच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते आणि जाताना मला एवढंच म्हणाले, पोराला माल विकायला शिकवा सर, पिकवायचं आम्ही बघतो. व्यापारी बागेत येतो, फिरतो, भाव बोलतो, आणि ते मान डोलावतात, कारण दुसरं गिऱ्हाईक त्यांना माहीत नाही. कधी कधी पैसे बुडवून व्यापारी पळून जातो, हे नाशिक जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. आणि त्यांच्या घरात मार्केटिंग शिकणारा मुलगा आहे. त्यांच्या द्राक्षाचा एक बरा फोटो तरी तुझ्याकडे आहे? त्यांच्या मालात साखर किती, घड केवढा, कुठली जात, कधी तोडा, हे चार ओळीत लिहून कुणाला पाठवलंस? बेदाणा करून विकता येईल का, एवढं विचारलंस तरी? सुट्टीत घरी जातोस आणि बारा वाजेपर्यंत झोपतोस.

एप्रिलची खरड छाटणी चुकली तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलीला घड लागत नाहीत, हे त्यांनी तुला लहानपणीच शिकवलंय. घड डोळ्यात आधीच तयार व्हावा लागतो, आयत्या वेळी खत ओतून तो येत नाही. तुझी पहिली दोन वर्षं म्हणजे एप्रिलची छाटणी होती. तू ती वाया घालवलीस आणि आता प्लेसमेंटच्या वेळी माझ्याकडे औषध मागायला आलास. माझ्याकडे औषध नाही. एक सत्र उरलंय, आणि तू हुशार आहेस, एवढंच आहे. एका सत्रात खूप होतं, पण आजपासून सुरू केलं तर. ‘सोमवारपासून’ हा शब्द माझ्यासमोर पुन्हा काढू नकोस.

काय करायचं ते ऐक आणि लिहून घे. मोबाईलमध्ये नको, वहीत. एक धंदा निवड. वडिलांची बाग, रविवार कारंजावरचं दुकान, येवल्याचा विणकर, पंचवटीतला लॉज, कुठलाही चालेल. पण जिवंत माणूस हवा, ज्याच्याशी तू समोरासमोर बोलशील. जाऊन बस त्याच्याकडे. गिऱ्हाईक येतं तेव्हा काय विचारतं ते शब्द जसेच्या तसे लिही, तुझ्या भाषेत सजवू नकोस. मग गुगलवरचं त्याचं प्रोफाइल बघ. वेळ बरोबर आहे का, नंबर लागतो का, फोटो त्याचेच आहेत का, लोकांनी लिहिलेल्या अभिप्रायांना कुणी उत्तर दिलंय का. याला एक पैसा लागत नाही. ते नीट झाल्याशिवाय जाहिरातीचं नाव काढायचं नाही. मग त्याच्याकडून ५०० रुपये माग. देणार नाही म्हणतोस? बरोबर आहे, तो कशाला देईल? मग तुझ्या खिशातले घाल. दोन वेळचं बाहेरचं खाणं सोड. स्वतःचे पैसे गेले की प्रत्येक क्लिक दिसायला लागते. कुठे लिंक लावली, कुठून कोण आलं, किती जणांनी फोन केला, हे रोज रात्री लिही. चुकलं तर चुकलं असं लिही. मी चुकीला मार्क कापत नाही. कोरं पान आणलंस तर मात्र दारातून परत पाठवीन.

इंग्रजी कमी पडतं म्हणून लाजू नकोस. हवं तिथे शिक, मी शिकवीन. पण मराठीत विचार करून मराठी गिऱ्हाइकाला मराठीत विकता येणारं पोरगं या शहरात कितीजणांना हवंय, याचा तुला पत्ताच नाही. कारण तू कुणाला विचारायलाच गेला नाहीस.

पंधरा दिवसांनी माझ्या टेबलासमोर उभा राहा. सर्टिफिकेट आणू नकोस, पीपीटी आणू नकोस. वही आण. मी विचारीन, किती पैसे गेले, किती जणांनी विचारलं, किती विकलं गेलं, पहिल्या आठवड्यात काय फसलं आणि दुसऱ्या आठवड्यात तू काय बदललंस. आणि त्या दुकानदाराला माझ्यासमोर फोन लावशील. तो तुला नावाने ओळखतो का, ते मला ऐकायचंय.